गळकी टाकी बदलताना : माळ्यावरचे ओझे आणि कारागिराचे कसब

माळ्यावरची पाण्याची टाकी गळू लागली की गिऱ्हाईक हार्डवेअरच्या दुकानात येते आणि ‘पाचशे लिटरची एक टाकी द्या’ म्हणते. दुकानदार टाकी देतो, टेम्पोवाला पोचवतो, प्लंबर जुन्याच जागी बसवून नळ जोडतो. सर्वांचे पैसे मिळतात. पुढल्या वर्षी मात्र न्हाणीच्या छताला पुन्हा ओल येते. मग कंपनी खोटी, दुकानदार लबाड, प्लंबर अडाणी अशी बोलणी सुरू होतात. शहापूर, मुरबाड, वासिंद, सरळगाव, किन्हवली या बाजारपेठांत हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या धंद्यात असलेल्या आपल्या बंधूंना हा प्रकार नवा नाही.

या लेखात सांगायचे ते इतकेच की, गळती बहुधा टाकीच्या कारखान्यात जन्माला येत नाही. ती टाकीच्या बैठकीत आणि टाकीला पाडलेल्या भोकात जन्माला येते. म्हणून टाकी विकणे हा अर्धा धंदा झाला. बैठक, चौकट, ट्रे आणि जोडणी हा उरलेला अर्धा धंदा गावातल्या कारागिराच्या हातचा आहे, आणि पत टिकते ती याच अर्ध्या भागावर.

पाण्याच्या माहेरी पाण्याची टंचाई

या भागात गळतीचा प्रश्न शहरापेक्षा अधिक गंभीर आहे. मुंबईला पाणी देणारे तानसा धरण १८९२ मध्ये पुरे झाले. ते शहापूर तालुक्यात आहे. भातसा धरणही याच तालुक्यात. मुंबईच्या सात तलावांत मिळून जेवढा साठा होतो, त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसात असतो. मुरबाडच्या बाजूला १९७२ मध्ये झालेल्या बारवी धरणाचे पाणी कारखान्यांना आणि खालच्या शहरांना जाते. त्या जलाशयासाठी मुरबाड तालुक्यातल्या गावांनी आपल्या जमिनी दिल्या. तरीही उन्हाळा आला की या दोन्ही तालुक्यांतल्या कित्येक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात येथे दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण खाली काळा कातळ असल्याने पाणी फारसे मुरत नाही, वाहून जाते.

केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर केलेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दर माणशी दर दिवशी ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. आता गळक्या टाकीचा हिशेब पाहा. टाकीखाली भांडे ठेवून तासाभरात एक लिटर पाणी जमले, तर दिवसाचे २४ लिटर झाले. म्हणजे घरातल्या एका माणसाच्या वाट्याचे जवळजवळ निम्मे पाणी छतातून गेले. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात ही किरकोळ बाब नाही.

आधी गळती शोधा, मग टाकी विका

गिऱ्हाईक टाकी मागते म्हणून लगेच टाकी काढून देऊ नये. छताची ओल चार ठिकाणांहून येऊ शकते : वरच्या कौलांतून किंवा स्लॅबमधून, ओव्हरफ्लोच्या नळीतून, जोडणीतून आणि शेवटी टाकीच्या अंगातून. पहिल्या तीन कारणांसाठी टाकी बदलण्याची गरजच नसते.

कौलातली गळती ओळखणे सोपे आहे. पावसाळा संपून पंधरा-वीस दिवस उलटल्यावर डाग सुकू लागला तर दोष छपराचा. दिवाळीतही डाग ओलाच राहिला तर दोष पाण्याचा. ओव्हरफ्लोतून पाणी जात असेल तर बहुधा बॉल कॉकचा वायसर झिजलेला असतो किंवा बॉलमध्ये पाणी शिरून तो जड झालेला असतो. तो बदलला की काम संपते.

उरलेल्या दोन कारणांसाठी रात्रीची परीक्षा घ्यावी. रात्री टाकी भरून येणारा व जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करावेत, पाण्याच्या पातळीवर आतून खूण करावी आणि सकाळी पाहावे. टाकीचा तळ ३ फूट लांब आणि २ फूट रुंद असेल आणि पाणी एक इंच उतरले असेल, तर सुमारे १४ लिटर पाणी गेले असे समजावे. पाणी उतरले नाही तर टाकी निर्दोष आहे आणि गळती व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपात आहे. पाणी उतरले असेल तर टाकीची बाहेरची बाजू फडक्याने कोरडी पुसून जोडाभोवती आणि कोपऱ्यांना चुलीची कोरडी राख किंवा पीठ लावावे. जेथून ओघळ फुटेल तेथे दोष. जोडाशी ओघळ असेल तर नवे वायसर व टँक निपल बसवून टाकी वाचते. अंगाला चीर असेल तरच टाकी बदलावी.

या परीक्षेत दुकानदाराची एखादी विक्री बुडेल, परंतु गिऱ्हाईक कायमचे बांधले जाईल. गावच्या बाजारात धंदा अशाच शब्दावर चालतो.

टाकी का फुटते?

जुन्या पत्र्याच्या टाक्या तळातून जातात. तळाशी गाळ बसतो, जस्ताचा मुलामा झिजतो आणि लोखंड गंजते. जस्ताच्या पत्र्याला पितळी निपल लावला की दोन धातूंच्या संगतीने निपलाभोवतालचे जस्त अधिक लवकर खाल्ले जाते. अशा टाकीला आतून डांबर किंवा सिमेंट लावणे म्हणजे थोडे दिवस ढकलणे होय.

प्लास्टिकच्या टाकीची गोष्ट निराळी आहे. गुजरातेत कलोल येथील भारत विजय मिल या कापड गिरणीने १९७५ मध्ये प्लास्टिकचा विभाग काढला आणि सिंटेक्स हे नाव पुढे आले. ते इतके रुळले की कोणत्याही कंपनीच्या काळ्या टाकीला आपल्याकडे ‘सिंटेक्स’च म्हणतात. २०२३ मध्ये हा टाक्यांचा धंदा वेलस्पन समूहाने घेतला. ही टाकी बनवताना पॉलिथिलीनची भुकटी साच्यात घालून साचा फिरवत तापवतात. त्यामुळे टाकी एकसंध निघते, तिला कोठेही सांधा नसतो. उन्हाने प्लास्टिक मरू नये म्हणून त्यात काजळी मिसळतात, त्यामुळे ती काळी दिसते.

ज्या वस्तूला सांधा नाही ती माळ्याच्या सावलीत सहसा आपणहून गळत नाही. ती गळते ती भोकापाशी, जेथे कोणी तापवलेल्या सळईने भोक पाडलेले असते. किंवा ती तळाशी चिरते, जेथे दोन फळ्यांमधल्या फटीवर तिचा तळ वर्षानुवर्षे लोंबकळत राहिलेला असतो. पॉलिथिलीनला बाजारातली लांबी किंवा पाइपाचे सोल्यूशन नीट धरत नाही. गरम हवेने त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून चीर भरता येते, पण बैठक तीच राहिली तर शेजारी दुसरी चीर पडते.

पाण्याचे वजन विसरू नका

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाचशे लिटर म्हणजे पाच क्विंटल, म्हणजे पन्नास किलोंच्या दहा गोण्या. पुष्कळ घरमालक म्हणतात, ‘आमच्या माळ्यावर भाताच्या गोण्या राहायच्या, टाकी का राहणार नाही?’ भाताच्या गोण्या माळाभर पसरून ठेवल्या जात, आणि वर्ष सरत जाई तशा कमी होत. टाकीचे ओझे एकाच जागी, बारा महिने आणि ओलीसकट असते.

घरांवरील भाराचे जे भारतीय मानक आहे (आयएस ८७५, भाग २, १९८७), त्यात राहत्या खोल्यांसाठी आणि न्हाणीघरासाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोंचा भार धरला आहे. आठ इंच उंचीचे पाणी एवढ्यात ही मर्यादा गाठते. अडीच फूट उंचीची टाकी काठोकाठ भरली तर तिच्याखाली दर चौरस मीटरला सुमारे ७६० किलोंचा भार पडतो. न्हाणीवरचा तीन-चार इंची लॉफ्ट किंवा जुन्या घरातील फळ्यांचा माळा एवढ्या भारासाठी बांधलेला असेलच असे नाही.

म्हणून टाकी उतरवल्यावर नवी चढवण्यापूर्वी माळा तपासावा. लाकडी माळा असेल तर तुळयांची टोके, विशेषतः भिंतीत गेलेला भाग, पटाशीने टोचून पाहावा. पटाशी लोण्यासारखी आत गेली तर वाळवी किंवा कूज आहे. स्लॅबचा लॉफ्ट असेल तर खालून सळया दिसतात काय, गिलावा फुगला आहे काय, गंजाचे तांबूस डाग आहेत काय हे पाहावे. वर्षभर गळणाऱ्या टाकीखालचा लॉफ्ट निर्दोष असेल असे गृहीत धरू नये. शंका आली तर काम थांबवून जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनियरला दाखवावे. न्हाणीत खाली माणसे असतात, लेकरे असतात. येथे भीड धरण्यात अर्थ नाही.

साठा खाली, वापर वर

सहा माणसांच्या घराला ५५ लिटरच्या हिशेबाने दिवसाला ३३० लिटर पाणी लागते. हे सर्व डोक्यावर साठवण्याचे कारण नाही. मोठी टाकी अंगणात किंवा मोरीच्या मागे पक्क्या ओट्यावर ठेवावी आणि माळ्यावर दोनशे लिटरची लहान टाकी ठेवून तीत दिवसातून एक-दोनदा पाणी चढवावे. माळ्यावर जास्तच साठा हवा असेल तर एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या वेगवेगळ्या भिंतींलगत ठेवाव्यात. एकीत दोष निघाला तरी घर कोरडे पडत नाही. दुकानदाराला येथे एकाऐवजी दोन वस्तू विकता येतात आणि गिऱ्हाइकाचे छतही वाचते.

उंची किती लागते याचाही विचार व्हावा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला एक किलो असतो. माळ्यावरची टाकी नळाच्या जेमतेम दीड मीटर वर असते. साध्या नळाला ती चालते, परंतु शॉवरला जोर येणार नाही हे आधीच सांगून ठेवावे. नंतर तक्रार येत नाही.

काम कसे करावे

टाकी विकत घेण्यापूर्वी टेप घेऊन घरी जावे. माळ्याच्या तोंडाची रुंदी व उंची, जिन्याचे वळण आणि दाराची चौकट मोजावी. टाकी माळ्याच्या तोंडातून जात नाही म्हणून भिंत फोडण्याची पाळी येते, ती या दहा मिनिटांच्या आळसामुळे. टाकीवर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर आयएस १२७०१ हा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. तो क्रमांक खरा की खोटा हे मोबाइलवरील बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येते.

जुनी टाकी उतरवण्याआधी न्हाणीतील गीझर व दिव्यांचा मेन स्विच बंद करावा. पाणी पिंप-बादल्यांत काढून ठेवावे. प्लास्टिकची टाकी तोंडातून निघत नसेल तर करवतीने कापून काढता येते. पत्र्याची टाकी छिन्नीने कापताना हातमोजे हवेतच. जुनी सिमेंटच्या पत्र्याची टाकी असेल तर ती मुळीच कापू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होते. ती ओली करून अखंड उतरवावी. भंगाराचे पैसे घरमालकाचे की कारागिराचे, हे आधी बोलून ठेवावे. पुष्कळ भांडणे याच क्षुल्लक रकमेवरून होतात.

त्यानंतर बैठक. टाकीचा तळ सर्व बाजूंनी टेकला पाहिजे. लाकडी माळ्यावर तुळयांना आडव्या जाड फळ्या एकमेकींना भिडवून ठोकाव्यात, वर पाणी न लागणारे पाऊण इंची प्लाय टाकावे आणि पाणसळ लावून पाहावी. टाकी माळ्याच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या आधारावर घ्यावी.

बैठकीवर पत्र्याचा ट्रे ठेवावा. तो टाकीपेक्षा चारही बाजूंनी तीन इंच मोठा असावा. त्याला दोन-तीन इंचांचा काठ आणि एका कोपऱ्यात घराबाहेर काढलेली नळी असावी. पुढे कधी गळती झालीच तर पाणी छतात न मुरता बाहेर ठिबकेल आणि घरच्यांना ताबडतोब कळेल. पत्रेकाम करणाऱ्या आपल्या बंधूंनी याकडे लक्ष द्यावे. प्लास्टिकने पत्र्याच्या टाकीचा धंदा नेला हे खरे, परंतु हा ट्रे प्रत्येक घरी वेगळ्या मापाचा लागतो, आणि तो हातानेच चांगला बनतो. २४ गेजचा जस्ताचा पत्रा, दुमडलेले कोपरे आणि झाळकाम एवढ्यात तो होतो. हार्डवेअरवाल्याने टाकीबरोबर ट्रेची ऑर्डर घेऊन पत्रेवाल्याला दिली तर दोघांचे भले आहे.

जोडणी करताना भोक होल सॉनेच पाडावे, निपलाच्या मापाचे आणि टाकीच्या सपाट भागावर. कडा पात्याने साफ कराव्यात. आतून-बाहेरून रबरी वायसर घालून चेकनट हाताने आवळावा आणि पान्याने थोडाच फिरवावा. जास्त आवळल्याने वायसर फाटतो. बाहेर जाणारे पाणी तळापासून दोन इंच वरून घ्यावे म्हणजे गाळ नळात येत नाही. लोखंडी पाइपाचे वजन निपलावर लोंबकळू देऊ नये. पाइपाला भिंतीत क्लॅम्प द्यावा आणि मध्ये युनियन बसवावे म्हणजे पुढच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही. पाणी आत येणारी नळी अर्धा इंची असेल तर ओव्हरफ्लो निदान पाऊण इंची ठेवावा आणि तो घराबाहेर, येताजाता नजरेस पडेल असा काढावा.

झाकण घट्ट बसले पाहिजे आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडता डास तयार होतो.

पाणी भरण्याची घाई करू नये. आधी दहा लिटर पाण्यात चहाचा चमचाभर ब्लीचिंग पावडर विरघळवून टाकी आतून घासावी आणि दोनदा धुवावी. मग पाव टाकी भरून पाहावी, नंतर अर्धी, मग पूर्ण. प्रत्येक वेळी जोड आणि बैठक खालून-वरून तपासावी. पूर्ण भरलेली टाकी चोवीस तास पाहिल्याशिवाय काम संपले असे म्हणू नये. या पाहणीला पाणी लागते, म्हणून काम मे महिन्यात काढू नये. पावसाळा संपल्यावर, विहिरी भरलेल्या असताना आणि लग्नसराईची गर्दी सुरू होण्याआधी, हा हंगाम उत्तम. दुकानदारांनी गिऱ्हाइकांना तेव्हाच आठवण करून द्यावी.

कागदावर लिहा

आपल्याकडे प्लंबरचे काम तोंडी ठरते आणि तोंडानेच बिघडते. एका कागदावर आठ ओळी लिहिण्यास वेळ लागत नाही : टाकीची कंपनी व लिटर, जोडणीचे सामान, बैठक, ट्रे, जुनी टाकी उतरवणे, भंगार कोणाचे, मेहनताना, आणि गळती निघाल्यास किती दिवसांपर्यंत विनामूल्य दुरुस्ती. टाकीचे पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे आणि त्यातील अटी वाचून दाखवाव्यात. सपाट बैठक नसल्यास भरपाई मिळणार नाही अशी अट बहुधा असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात वस्तूप्रमाणेच पैसे घेऊन दिलेली सेवाही येते. लेखी कागद गिऱ्हाइकाचे रक्षण करतो, तसाच प्रामाणिक कारागिराचेही करतो.

आणखी एक गोष्ट. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ज्या घरांत वडील हाताने काम शिकले, त्यांनी मुलाला हे प्रमाणपत्र अवश्य मिळवून द्यावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत. त्यांत सुतार, लोहार आणि गवंडी आहेत, प्लंबर नाही. टाकीच्या कामात बैठक सुताराची, चौकट लोहाराची आणि ओटा गवंड्याचा असतो. या तिघांना प्रशिक्षण व अवजारांसाठी त्या योजनेत सोय आहे, तिची चौकशी करावी.

टाकी कारखान्यात बनते. तिचा भाव आणि नफा दोन्ही दुसरीकडे ठरतात, आणि पलीकडचा दुकानदार पन्नास रुपये कमी घेऊन तीच टाकी विकू शकतो. परंतु माळा मोजून देणारा, तुळई टोचून पाहणारा, ट्रे बसवणारा आणि दुसऱ्या दिवशी येऊन जोड तपासणारा माणूस बाजारात सहज मिळत नाही. ज्या दुकानदाराने असे चार कारागीर जोडून घेतले, त्याला आपल्या टाकीचा भाव पाडावा लागणार नाही.